घराचा आरंभ



ज्याला घर नाही त्याला आम्ही वास्तुशिल्पज्ञांनी काय द्यावे? ‘घर द्यावे’ हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरे पडत नाही. पूर्ण बांधलेले घर महाग होते, म्हणून ते थोड्यांच्याच वाट्यास येते. बाकीचे नाल्याच्या काठी होते तेथेच राहतात. तेव्हा हाती असलेल्या पैशांत आधी काय द्यावयाचे आणि काय त्या कुटुंबावर सोपवावयाचे, हे ठरविण्यातच आमच्या विद्येची कसोटी आहे.

ह्याचा एक पाठ इंदुरात पाहावयास मिळतो. पुण्यात १९२७ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. त शिकलेले बाळकृष्ण दोशी ह्यांनी तेथे ‘अरण्य’ ही वसाहत आखली. जमीन सुमारे ८५ हेक्टर, घरे सुमारे साडेसहा हजार. काम १९८९ साली पुरे झाले. १९९५ साली त्यास आगाखान पारितोषिक मिळाले.

आराखड्यापूर्वी दोशींच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या झोपडपट्ट्या नीट पाहिल्या. गरिबाचा अर्धा संसार घराबाहेर चालतो. ओट्यावर धंदा, गल्लीत मुले, झाडाखाली गप्पा. म्हणून अरण्यात ओटे आले, सावलीच्या अरुंद गल्ल्या आल्या, लहान लहान चौक आले.

अगदी गरिबाला मिळाले ते इतकेच: ३५ चौरस मीटरांचा भूखंड, जोते, संडास, मोरी आणि पाणी. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखविली. बाकीच्यांनी पैसा येईल तसतशा भिंती चढविल्या, मजले घेतले. वीस घरांमागे एक सेप्टिक टँक ठेवून खर्च वाचविला. मोठे भूखंड सधनांस विकून त्या नफ्याचा हात गरिबांच्या जोत्यांस लावला.

कोणी म्हणेल, गरिबाच्या हाती अर्धे घर देणे ही फसवणूक नव्हे काय? आमचे उत्तर असे: भिंत एक कुटुंब गवंड्याला हाताशी धरून उभारू शकते, पण गटार, रस्ता, नळ आणि जमिनीचा कायदेशीर हक्क ह्या गोष्टी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातल्या नव्हेत. त्या ज्याने दिल्या त्याने घराचा आरंभ करून दिला. त्या न देता नुसत्या चार भिंती दिल्या, तर मात्र ती फसवणूकच. आणि कामधंद्याच्या जागेपासून फार दूर दिलेले पक्के घरही रिकामेच राहावयाचे, हेही विसरता कामा नये.

दोशी २०२३ साली निवर्तले. जगात त्यांचा मोठा सन्मान झाला. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिकही मिळाले. परंतु तरुण वास्तुशिल्पज्ञांनी त्यांच्याकडून घ्यावयाचे ते निराळेच आहे. कागदावर रेघ ओढण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन वस्तीत जावे; चूल कोठे आहे, पाणी कोठून येते, म्हातारी कोठे निजते, हे मोजून घ्यावे. गरिबाच्या घराचा नकाशा तेथूनच सुरू होतो.