बंध दिसला, पण विष बाहेर पडले का?

अँटिऑक्सिडंट शिसे, पारा, कॅडमियम यांसारख्या जड धातूंना पकडतात, हे वर्णपटांनी सिद्ध झाले आहे. त्यावरून ‘ते शरीरातले विष काढून टाकतात’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. माझा आक्षेप या दुसऱ्या वाक्याला आहे. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे. आपल्या पेशींतले ग्लुटाथिओन हे अँटिऑक्सिडंट घ्या. तीन अमिनो आम्लांच्या या रेणूत मधोमध सिस्टीन असते आणि त्याच्या टोकाला गंधक. त्याच्या द्रावणात कॅडमियमचा क्षार मिसळला की अतिनील वर्णपटात २५० नॅनोमीटरच्या आसपास नवे शोषण दिसू लागते. शिसे असेल तर ते ३३५ च्या जवळ दिसते. गंधकाचे इलेक्ट्रॉन धातूकडे सरकल्याची ही खूण. रामन वर्णपटातली २५५० प्रति सेंटीमीटरच्या आसपासची गंधक-हायड्रोजन बंधाची रेघही नाहीशी होते, कारण हायड्रोजनच्या जागी धातू येऊन बसतो.

‘परीक्षानळीतले शरीरात कुठे घडते?’ असे कोणी विचारील. शरीरातही घडते, आणि खरी अडचण तिथेच आहे. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम बाळगणारे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. तेच मेटॅलोथायोनिन. त्याचे वीस सिस्टीन सात धातू-अणूंना धरतात, आणि तेही चार व तीन अशा दोन पुंजक्यांत. कॅडमियमच्या चुंबकीय अनुनाद वर्णपटाने ही रचना उलगडली. इतक्या घट्ट पकडीमुळे कॅडमियमचा तात्काळ उपद्रव कमी होतो खरा, पण तेच कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक, मुक्काम ठोकते. मिथाइल-पाऱ्याची गोष्ट तर याहून वाईट. सिस्टीनशी जोडला गेला की तो मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसू लागतो, आणि अमिनो आम्ले वाहून नेणारी यंत्रणा त्याला मेंदूत पोहोचवते.

मग डॉक्टर गंधकयुक्त औषधे का देतात? हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये लुइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून डायमरकॅप्रॉल तयार झाले. शेजारशेजारच्या दोन गंधकांनी ते आर्सेनिकला कवेत घेते. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने पारा मेंदूकडे वळवल्याचे आढळले. पुढे आलेले सक्सिमर पाण्यात विरघळते, तोंडाने देता येते, आणि पकडलेले शिसे लघवीवाटे बाहेर नेते. बंध किती घट्ट, एवढ्यावर औषध ठरत नाही. बांधलेला धातू पुढे कुठे जातो, यावर ठरते. हे मोजायलाही वर्णपटच लागतो, फक्त वेगळा. अणुशोषण वर्णपटमितीत रक्ताच्या नमुन्यातले शिसे २८३.३ नॅनोमीटरच्या प्रकाशरेषेवर मोजता येते. मात्र औषध घेताच लघवीतला धातू निरोगी माणसातही वाढतो, म्हणून तेवढा एक आकडा पुरत नाही. काढा किंवा गोळी विकणाऱ्याकडे मागायचे ते हे: गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लोकांच्या रक्तातले शिसे, सुरुवातीला किती होते आणि काही आठवड्यांनी किती राहिले.