बातमीला प्रश्न विचारण्याचे शिक्षण



१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु हे कर्तव्य बजावण्याची तालीम कोठे मिळते? कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांचा विज्ञानाशी असलेला संबंध दहावीनंतर तुटतो. विज्ञान शाखेचा विद्यार्थी सूत्रे पाठ करतो. पण वर्तमानपत्रातील बातमी पुढे ठेवली, तर तिला काय विचारावे हे त्यालाही उमगत नाही. यावर उपाय एकच : महाविद्यालयाच्या वर्गात बातमी हेच पाठ्यपुस्तक व्हावे.

एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये फायझरची करोना-लस ९५ टक्के परिणामकारक असल्याची बातमी जगभर छापून आली. लस घेतलेल्या शंभरांपैकी पाचांना रोग होणार, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला. तो चूक होता. सुमारे ४३ हजार लोकांच्या चाचणीत निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निव्वळ मिठाचे पाणी टोचले होते. त्यांपैकी १७० जण आजारी पडले : लस न मिळालेले १६२ आणि मिळालेले ८. या दोन आकड्यांच्या तुलनेतून ९५ टक्के निघाले. टक्के कशाचे, तुलना कोणाशी, निरीक्षण किती काळाचे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडले पाहिजेत.

३ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोव्हॅक्सीनला मर्यादित वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या परिणामकारकतेचे अखेरच्या टप्प्यातील आकडे हाती आलेले नव्हते. ते पुढे आले आणि लस उपयुक्त ठरली. म्हणून आधी विचारलेला प्रश्न अनुचित ठरत नाही. शंका घेणे म्हणजे सारेच खोटे मानणे नव्हे. पुरावा मागणे आणि तो मिळताच स्वीकारणे, हीच विज्ञाननिष्ठा.

मात्र हा केवळ गुणपत्रिकेचा प्रश्न नाही. डिसेंबर १९८१ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात एक कामगार फॉस्जीन वायूने मरण पावला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने त्या वायूंचा अभ्यास केला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोक्याचा इशारा दिला. कोणी हलले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद होती. हवेहून जड असा तो वायू जमिनीलगत पसरत झोपलेल्या वस्त्यांत शिरला आणि हजारो माणसे मेली. ओल्या कापडाने तोंड झाकावे, एवढेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

वायू हवेहून जड का, हे रसायनशास्त्र सांगते. कारखान्याच्या भिंतीलगत गरिबांचीच वस्ती का होती, हे अर्थशास्त्राने सांगावयाचे आहे. हे दोन्ही प्रश्न एकाच तासाला विचारले गेले, तरच ते शिक्षण श्रमिकांच्या उपयोगी पडेल.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आठवड्याला एक कात्रण, एक फळा आणि तासभर चर्चा एवढे पुरे. प्राध्यापकांनी हे वर्गात करावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या अभ्यासमंडळात करावे. १९८२ मध्ये बातमी छापून आली होती, पण ती वाचून जाब विचारणारे लोक तयार नव्हते. तसे लोक तयार करणे हे आपले काम आहे.