मिरचीवरचा बुरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाह बाईंनी मला ‘स्वयंपाकघर व आरोग्य’ असा भारदस्त विषय दिला. मी मात्र फक्त बुऱ्याविषयी बोलणार आहे. वैशाखात आपल्या अमरावतीच्या गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात आणि एखादी अवकाळी सर येऊन घात करते, हे तुम्हांला सांगायला नको. ओल्या मिरच्या दोन दिवस ताडपत्रीखाली राहिल्या की आत बियांवर हिरवट बुरा धरतो. मग आपण काय करतो? पुसतो, ऊन देतो आणि तिखट कांडून आणतो.

पुसल्याने बुरा जातो, विष जात नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी जे विष तयार करते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. फोडणीच्या आंचेनेही ते पुरते नाहीसे होत नाही. वर्षानुवर्षे थोडेथोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. याचा सुगावा लागला तो १९६० साली. इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले आणि दोष निघाला त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीचा!

पक्ष्यांचे सोडा. १९७४ साली गुजरातेत पंचमहाल आणि राजस्थानात बांसवाडा भागात पावसाने मका बुरसला. तो खाऊन लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले, शंभरावर माणसे दगावली. घरची कुत्रीसुद्धा मेली. बहुतेक गरीब आदिवासी कुटुंबे ती. घरात दुसरा दाणा नव्हता, म्हणून तो खाल्ला. पुढे १९९५ साली दख्खनच्या काही खेड्यांत भिजलेल्या ज्वारी-मक्याने पोटदुखी नि हगवण पसरली. तिथली बुरशी निराळी होती, पण पावसात काळी पडलेली ज्वारी आपणांस का अनोळखी आहे?

आता माझी गोष्ट सांगते. सांगताना संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाच किलो मिरच्या अशाच बुरसल्या. आमच्या घरी नकोत, असे मनाने ताबडतोब ठरवले, आणि त्या मी आमच्या कामाच्या बाईंना देऊन टाकल्या. वर दान केल्याचे समाधान! पुढे आठवड्याने ही माहिती वाचनात आली. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळीच त्यांच्या घरी गेले. अर्ध्या मिरच्यांचे तिखट झाले होते, मुलांच्या पानात पडत होते. मी सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “खराब होत्या तं मले कायले देल्या, बाई?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी नव्या मिरच्या घेऊन गेले, त्यांनी त्या ठेवून घेतल्या, पण त्या दिवशी चहा विचारला नाही.

जुन्या मिरच्या हातात घेऊन त्यांनी पुन्हा विचारले, “मंग गाईले टाकू का?” तेही नाही. बुरसलेले खाद्य गाईने खाल्ले की विषाचा अंश दुधात उतरतो. वऱ्हाडात तर सरकीची ढेप घरोघरच्या गोठ्यात जाते. ओल लागलेले पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आम्ही त्या मिरच्या परसात खड्डा करून पुरल्या.

वाळवण पुरते वाळले की नाही हे हातच सांगतो: मिरची मोडताना कट्‌कन आवाज यावा, शेंग हलवली की दाणा आत वाजावा. पाऊस थांबताच ताडपत्री काढावी, खाली घाम धरू देऊ नये. यंदा मी दोन ताडपत्र्या घेतल्या आहेत. आमच्या गल्लीत कुणाला एक लागली, तर गच्चीवरून हाक मारा.