चौथा चरण



पुण्यात टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेच्या ज्या सभागृहात आपण बसलो आहोत, त्याला माधवराव पटवर्धनांचं नाव आहे. म्हणजे आपले माधव जूलियन. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणारा, रविकिरण मंडळात कविता म्हणणारा हा माणूस मराठीतली वृत्तं, जाती, छंद गोळा करत गेला. ‘छंदोरचना’ १९२७ साली आली आणि दहा वर्षांनी तिची पुष्कळ वाढवलेली आवृत्ती निघाली. तरुणपणी मी तो ग्रंथ उघडला आणि लघुगुरूच्या खुणा पाहून मिटला. खूप उशिरा कळलं की हा नियमांचा ग्रंथ नाही, कानाचा ग्रंथ आहे. मराठी कान कशाची वाट पाहतो, याची ती नोंद आहे. आज मला त्या वाट पाहण्याविषयीच बोलायचं आहे.

शाळेत आपण काय करतो? ‘यमक जुळणारे शब्द लिहा’, ‘अलंकार ओळखा’. मूल दोन शब्द शोधतं, गुण मिळतात. अर्थाचा प्रश्न वेगळा, त्याचे गुण वेगळे. मी पंचवीस वर्षं मराठी शिकवली आणि इतकी वर्षं हे प्रश्न मीही घातले. त्यातून मुलांच्या मनात एकच गोष्ट बसते: अर्थ आधी असतो आणि यमक नंतर वरून चढवतात, बैलाला झूल घालावी तसं. हे साफ चूक आहे. लिहिणाऱ्याला विचारा. कितीदा यमकच पुढे चालतं आणि अर्थ त्याच्या मागून येतो.

एक उदाहरण देतो. कोणा थोराचं नाही, मुलांसमोर फळ्यावर जुळवलेलं माझंच आहे. अभंगाचा मोठा प्रकार घेतला होता. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. छंदशास्त्रात त्याला देवद्वार म्हणतात. मी पहिले दोन चरण लिहिले: ‘उंबऱ्याशी आलो, उजेड घेऊन’. पुढे मला एवढंच म्हणायचं होतं की दार उघडत नाही. ‘दार मात्र काही उघडेना’ असं सरळ लिहून मोकळा झालो असतो. पण ‘घेऊन’शी जुळणारा शब्द हवा होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, ओळखून.’’ मग फळ्यावर हे उमटलं:

उंबऱ्याशी आलो
उजेड घेऊन
दार ओळखून
उघडेना

बघा काय झालं. माझं दार नुसतं बंद होतं. आता त्या दाराला आलेला माणूस कोण हे माहीत आहे, आणि तरी ते उघडत नाही. मला जे म्हणायचं होतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त दुखतं. तो अर्थ माझ्याकडे नव्हता, त्या मुलीकडेही नव्हता. ‘घेऊन’ या शब्दाच्या शेपटाला धरून तो आला. शिवाय यमकाने दोन क्रिया एकमेकींना बांधल्या. माझं उजेड आणणं आणि दाराचं ओळखणं आता एकाच दोरीत आहेत.

आता चौथा चरण. एका मुलाला वाटलं की चारच अक्षरं कमी पडतात. त्याने ‘उघडले नाही’ केलं, सहा अक्षरं. आम्ही दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिलं. सहा अक्षरांनी चाल पुरी होते, बातमी कळते, वर्ग पुढे सरकतो. चार अक्षरांवर मात्र श्वास उरतो. कान आणखी दोन अक्षरांची वाट पाहतो आणि ती येत नाहीत. त्या रिकाम्या जागेत तो माणूस उंबऱ्यावर उभा राहतो.

ज्ञानेश्वरीच्या ओवीचं गणितही याच जातीचं आहे. १२९० साली नेवाशाला सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ओवीचे पहिले तीन चरण यमकाने गाठलेले असतात आणि शेवटचा आखूड, यमकाबाहेरचा. तीनदा कानाला हवं ते मिळतं, चौथ्यांदा मिळत नाही. तिथे ऐकणारा थबकतो आणि थबकला की विचार करू लागतो. गीता समजावून सांगणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? मर्ढेकरांनी १९४७च्या ‘काही कविता’मध्ये ओवी-अभंगाचीच घडण घेतली आणि तिच्यात यंत्रयुगाचं शहर भरलं. आपल्या कानाला त्या लयीत विठ्ठलाची सवय. तिथे विठ्ठल भेटत नाही. ती पोकळी शब्दांत सांगावी लागत नाही, छंदच सांगतो.

मराठीत यमकाची एक अडचण आहे, नव्या कवींनी ती नीट समजून घ्यावी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे येतो, जातो, गातो, न्हातो ही यमकं व्याकरणच फुकट वाटतं. विभक्तीचंही तेच: ‘झाडात’ आणि ‘पाण्यात’ जुळले असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त प्रत्यय जुळलेले असतात. फुकट मिळालेल्या यमकाने दोन शब्दांत नातं तयार होत नाही. चांगला कवी क्रियापद आत ढकलतो आणि ओळीच्या टोकाला नाम आणून बसवतो. वाक्याचा क्रम हलला की वजन हलतं, आणि तिथून बोलण्याची कविता होऊ लागते. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या वह्यांमध्ये मी सगळ्यात आधी ओळींची टोकं पाहतो.

ओवीच्या नेमकं उलटं गझलेत घडतं. तिथे कान ज्याची वाट पाहतो ते प्रत्येक शेरात मिळतंच. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागून येणारा तोच शब्द, ही दोन्ही ठरून जातात. पुढे प्रत्येक शेराची दुसरी ओळ त्याच रदीफावर येऊन थांबते. श्रोत्यांना शब्द आधीच ठाऊक असतो, मैफलीत ते तो कवीबरोबर म्हणतात. ठाऊक नसतं ते एवढंच, की या वेळी त्या शब्दाचा अर्थ कुठला असेल. तोच शब्द एका शेरात आर्जव, दुसऱ्यात धमकी, तिसऱ्यात निरोप होतो. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजलि’मधून ही वाट मराठीला दाखवली आणि सुरेश भटांनी तिचा राजरस्ता केला. भटांनी नव्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, कारण काफिया सैल पडला की शेराचा अर्थही सैल पडतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीच्या मोरोपंतांवर शब्दांच्या कसरतीचा आरोप नेहमी होतो. काही ठिकाणी तो खरा आहे. पण त्यांच्या निरोष्ठ रामायणाचा विचार करा. ओठाला ओठ लावायचा नाही, म्हणजे ‘म’ नाही, म्हणजे ‘राम’ हे नावच घेता येत नाही. ज्याची कथा सांगायची त्याचं नाव न उच्चारता ती सांगायची! मला ती कसरत वाटत नाही; कान ज्या नावाची वाट पाहतो तेच रोखून धरणं वाटतं.

मुक्तछंदाबद्दल थोडंच बोलतो. कवी अनिलांनी तो आणला तेव्हा आणि १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हाही, यमक सुटलं म्हणून कविता सुटली असं बोलणारे होते. पण ढसाळांना ऐकताना कानाला जो धक्का बसतो तो कसला? शतकानुशतकं जुळत आलेलं काहीतरी इथे मुद्दाम जुळू दिलेलं नाही, याचाच. न जुळवणं हाही कानाशी केलेला व्यवहारच आहे. ज्याला जुळवता येत नाही त्याने केलेला मुक्तछंद आणि ढसाळांचा मुक्तछंद यांतला फरक दोन ओळींत कळतो.

शेवटी जात्याकडे येतो. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामाची सुरुवात मुळशीच्या डोंगरातल्या बायांपासून झाली. तो संग्रह चाळताना मला माझी आजी आठवते. ती मावळातली. तिला कधी ओवी सांग म्हटलं तर सांगता यायची नाही. हात गोल फिरू लागायचा, न दिसणारा खुंटा धरल्यासारखा, मग शब्द यायचे. पहिली ओळ अर्ध्यावर थांबायची, जात्यात घास पडायचा आणि पुढे यमक यायचं.

तिची एक ओवी भावाची होती. दुसरी ओळ त्याच्या नावावर संपायची आणि पहिली त्या नावाशी जुळवलेली. आम्ही पोरं अंथरुणातूनच ते नाव तिच्याबरोबर म्हणायचो. एका पावसाळ्यात तो भाऊ गेला. बाराव्यानंतर ती पुन्हा दळायला बसली. पहिली ओळ म्हणाली, दुसरी शेवटापर्यंत आणली आणि नावाच्या जागी नुसतं जातं फिरवलं. आम्ही जागे होतो. सगळ्यांना शब्द माहीत होता. कोणी म्हटला नाही.