प्रबंधाचे मुख्य विधान : दहशतवादविरोधी कायदा आणि बंदिवानाचे हक्क

(मंडळाच्या लकडगंज येथील अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गातील एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी हा विषय निवडला आहे. त्याचे मुख्य विधान असे : 'दहशतवादविरोधी कायद्यांमुळे मानवी हक्कांची पायमल्ली होते.' तळमळ खरी आहे, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु हे विधान नव्हे, ही घोषणा झाली. मोर्चात घोषणेला कोणी प्रश्न विचारत नाही; परीक्षक मात्र लगेच विचारतो, कोणता कायदा, कोणाचा हक्क आणि कोणत्या टप्प्यावर? आम्ही बँकेतली माणसे. धनादेशावर रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असली, की खातेदार कितीही सज्जन असो, धनादेश परत जातो.

आधी कायदा पाहू. टाडा 1985 साली आला, 1987 साली पुन्हा केला गेला आणि मे 1995 मध्ये संपला. पोटा 2002 चा, तो 2004 मध्ये रद्द झाला. यूएपीए मूळ 1967 चा. पोटा गेला त्याच वर्षी दहशतवादाची कलमे त्यात घातली गेली, आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर 2008 च्या डिसेंबरात जामिनाची अट कडक झाली. टाडात पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे आणि 1994 साली कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. यूएपीएत तशी तरतूद नाही. तेव्हा सर्वांची एकच मोट बांधली तर पहिल्याच पानावर घसरायला होईल.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विद्यार्थ्याने पुढे लिहिले आहे की बाबासाहेबांच्या घटनेत विनाचौकशी कैदेला जागाच नाही. हे मनाला बरे वाटते, पण खरे नाही. घटनेच्या कलम 22 मध्येच प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाव आहे, आणि त्या कलमाचा मसुदा सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीपुढे खुद्द बाबासाहेबांनीच मांडला. का मांडला, हे वाचण्यासारखे आहे. जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द गेल्यामुळे जे गमावले त्याची काही भरपाई व्हावी, ही त्यांची भूमिका होती. अटकेचे कारण सांगणे, पसंतीचा वकील, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या हमी तिथल्याच. एका हाताने अपवाद मान्य करून दुसऱ्या हाताने त्याला कुंपण घालणारे हे कलम आहे. ते कुंपण कुठे मोडते, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

येथे शब्द जपून वापरावेत. स्थानबद्ध, कच्चा कैदी आणि शिक्षा झालेला कैदी हे तिघे वेगळे. विद्यार्थ्याने प्रा. साईबाबांचा खटला जामिनाच्या प्रकरणात घातला आहे. आपल्या नागपूरच्या तुरुंगातील हा खटला सर्वांना ठाऊक आहे. परंतु 2017 साली गडचिरोलीच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली होती. पुढचा कारावास अपिलाच्या काळातला. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये खटल्याची मंजुरी सदोष म्हणून निर्दोष सोडले, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि फेरसुनावणीनंतर 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरविले. सहआरोपी पांडू नरोटे त्याआधीच, ऑगस्ट 2022 मध्ये, कैदेतच वारले होते. साईबाबा सुटकेनंतर सात महिन्यांत गेले. हा खटला मंजुरी व पुरावा यांच्या प्रकरणात न्यावा. जामिनासाठी सुधीर ढवळे यांचे उदाहरण बसते. मूळचे नागपूरचे हे कवी-संपादक जानेवारी 2011 मध्ये पकडले गेले आणि सुमारे 40 महिन्यांनी निर्दोष सुटले. जून 2018 मध्ये पुन्हा अटक झाली. जानेवारी 2025 मध्ये जामीन मिळाला तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे वगळू नये. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील स्फोटांत 257 माणसे मेली. साक्षीदार भितात, कट गुप्त असतात, तपासाला वेळ लागतो, हा युक्तिवाद पोकळ नाही. त्याला सामोरे जाणारे विधान आम्ही असे सुचवितो : 'यूएपीएच्या कलम 43-डी(5) मुळे खटल्यापूर्वीचा कारावासच शिक्षेसारखा होतो, आणि 2021 च्या नजीब निकालाने दाखविलेली वाट प्रामुख्याने उच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकणाऱ्या आरोपीलाच मोकळी असल्याने कलम 21 चे संरक्षण अपुरे राहते.' आता याला विरोध करता येतो, म्हणूनच ते सिद्धही करता येते.

काही पालकांनी आम्हांस विचारले, पोराच्या नोकरीचा प्रश्न असताना हा विषय कशाला? त्यांची काळजी रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की छापील निकालपत्रांवर उभे असलेले नेमके वाक्य हे सैल घोषणेपेक्षा पोराला कमी अडचणीत आणते.

'प्रामुख्याने' हा शब्द अजून आम्हांस खटकतो. विद्यार्थ्याने दहा निकाल घ्यावेत, आरोपी किती महिने आत होता आणि जामीन कोणत्या न्यायालयाने दिला याचा तक्ता करावा, मग तो शब्द ठेवायचा की काढायचा ते ठरेल. तक्ता पुढच्या रविवारी आणावा. वाचनालय सायंकाळी पाचला उघडते.