चेंडू आधी, शब्द नंतर



उमरग्याच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या एखाद्या आजीला विचारा, "आजी, कन्नड कुठं शिकलात?" ती हसेल. सीमेपलीकडचं गिऱ्हाईक येतं, वांगं उचलून 'एष्टु' म्हणतं आणि भाव नाही पटला, तर 'ब्याड' म्हणून खाली ठेवतं. वांगं दिसलं, हात दिसला, शब्द कानावर पडला. अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. आणि याच आजीच्या नातवाला आपण इंग्रजी शिकवतो ते मात्र शंभर शब्दांची यादी पाठ करायला लावून. परीक्षा झाली की यादी विसरली.

इंग्रजीचा असा भरलेला बाजार आपल्या घरात पूर्वीपासून होता. तो म्हणजे रेडिओवरचं क्रिकेटचं धावतं वर्णन. सुरेश सरैया, अनंत सेटलवाड इंग्रजीतून सांगायचे. थोड्या वेळानं सुशील दोशींसारखा हिंदीचा आवाज यायचा. मैदान दिसत नव्हतं, पण खेळ ठाऊक होता. इंग्रजीत निसटलेलं हिंदीत सापडायचं, आणि प्रेक्षकांच्या गलक्यावरून उरलेलं कळायचं. तेच साठ-सत्तर शब्द दिवसभरात इतक्या वेळा यायचे, की पाठ करायची गरजच पडायची नाही.

यातून दोन गोष्टी फुकटात मिळायच्या. पहिली म्हणजे दिशेचे शब्द. आपल्या मुलांचं इंग्रजी इन, ऑन, डाऊन, अवे या चिमुकल्या शब्दांवर अडतं, कारण मराठीत हे काम शब्दाच्या शेपटीला लागून होतं: घरात, घरावर, घराबाहेर. पण चेंडू 'आऊटसाईड द ऑफ स्टंप' गेला की 'आऊटसाईड' कुठं असतं ते डोळ्यांपुढं उभं राहतं. 'डाऊन द लेग साईड' ऐकलं की पायामागून सुटलेला चेंडू दिसतो.

दुसरी गोष्ट काळाची. पुस्तक सांगतं, आत्ता चाललेल्या क्रियेला 'आयएनजी' लावा. मग समालोचक 'ही बोल्स, ही ड्राइव्हज' का म्हणतो? कारण ती क्रिया क्षणात आटोपते. बोलेपर्यंत संपलेली असते. तोच समालोचक आभाळाकडं बघून 'द क्लाउड्स आर गॅदरिंग' म्हणतो, कारण ढग जमत राहतात. चुटकीसरशी संपणारं एका रूपात, रेंगाळणारं दुसऱ्या रूपात. फळ्यावर अर्धा तास घालवून जे समजत नाही, ते दोन षटकांत कानात बसतं.

आता कान तयार झाला का, हे तपासायचं असेल तर एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचं वर्णन ऐका. मोबाईलवर सहज मिळतं. तिथला पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तो उंचवट्यावर उभा राहतो. तिथून फलंदाजापुढच्या पाटीपर्यंत अंतर साठ फूट सहा इंच. आपली खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फुटांची. अंतर जवळपास सारखं, पण बेसबॉलचा चेंडू टप्पा घेत नाही, थेट हवेतून येतो. म्हणून सगळं वर्णन दिशेचं आणि वेगाचं. 'लो अँड अवे' म्हणजे खाली आणि अंगापासून लांब. 'अप अँड इन' म्हणजे वर आणि अंगावर. 'फास्टबॉल' वेगाचा, 'कर्व्हबॉल' वळून खाली पडणारा, आणि 'चेंजअप' म्हणजे हात जोरात फिरतो पण चेंडू हळू येतो. आपल्या गोलंदाजाचा फसवा संथ चेंडू असतो तसा.

खरी फजिती ओळखीचे शब्द करतात. 'स्ट्राइक' म्हणजे मारणं, हे शाळेत शिकलेलं. इथं फलंदाजानं मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून हुकवला, की ती स्ट्राइक! अशा तीन झाल्या की बाद. 'बॉल' म्हणजे चेंडू. पण इथं फलंदाजानं सोडून दिलेली, नेमकी जागा चुकलेली फेक म्हणजे 'बॉल'. असे चार झाले की फलंदाजाला पहिला तळ, म्हणजे 'फर्स्ट बेस', आंदण. त्याला म्हणतात 'वॉक'. आणि 'बुलपेन'? यातलं पेन लिहायचं नाही, जनावरं कोंडायचं आहे. राखीव पिचर हात मोकळे करतात ती जागा, म्हणजे शब्दशः बैलांचा कोंडवाडा.

आणि 'पिच' तर बहुरूपीच. क्रिकेटमध्ये ती जमीन, बेसबॉलमध्ये फेक, गाण्यात स्वराची उंची, आणि पुण्याच्या कंपनीत 'पिच' म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या गळी उतरवायचं भाषण. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक असतात. त्यातला कोणता घ्यायचा, ते मैदान ठरवतं.

हे इंग्रजीचंच खूळ आहे असं समजू नका. मराठी समालोचन रुजवणाऱ्यांत बाळ ज. पंडितांचं नाव आवर्जून घ्यावं लागतं. त्या मराठीत यष्ट्यांसमोर पाय आडवा आल्यानं बाद झालेला फलंदाज 'पायचीत' होतो. हा 'चीत' तालमीतल्या मातीतून आला. गोलंदाजाच्या चेंडूनं यष्टी उडाली की 'त्रिफळा', जो आपल्याला वैद्याच्या पुडीतला माहीत. आणि 'गोलंदाज' म्हणजे मुळात तोफ डागणारा. उमरग्याहून सोलापूरच्या रस्त्यानं जाताना नळदुर्गचा किल्ला लागतो. तिथल्या उपळी बुरुजावर तोफा आहेत. त्यांच्याशेजारी उभा राहायचा, तो खरा गोलंदाज. तोफा थंडावल्या, तरी शब्द मात्र मैदानात उतरून धावत सुटला.

तेव्हा घरात शिकणारं मूल असेल, तर एवढं करा. रोज दहा मिनिटं वर्णन ऐकू द्या. वहीत शब्दापुढं मराठी अर्थ लिहायला सांगू नका. शब्द लिहायचा आणि पुढं चित्र काढायचं: चेंडू कुठून आला, कुठं गेला. अंदाज चुकला तर चुकू द्या. पुढचा चेंडू येतोच आहे, तो दुरुस्त करील. वहीत पहिल्या पानावर 'पिच' लिहा आणि समोर थोडी जागा कोरी ठेवा. तिथं पुढं आणखी चित्रं लागणार आहेत.