सर्व्हर डाऊन होतो म्हणजे काय होतं?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०१७ ची कर्जमाफी तुमच्यातलं कोणी विसरलं नसेल. फॉर्म ऑनलाइनच भरायचा, नवराबायको दोघांनी केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा. दिवसा साइट चालेना म्हणून रात्री रांगा लागल्या. कपाशीचं निंदण टाकून माणसं तिथे बसून राहिली. आतला पोरगा एकच शब्द बोलायचा, ‘सर्व्हर डाऊन.’ आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना वाटलं, आपलाच अंगठा घासून खराब झाला. ते तो धोतराला पुसत राहिले. तेव्हापासून आम्ही शोधतोय, हे मोडतं कुठे?

अमेरिकेतली गोष्ट सांगतो, कारण तिथे चौकशी झाली आणि कागद बाहेर आले. लोकांना आरोग्य विमा निवडता यावा म्हणून तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१३ ला ३६ राज्यांसाठी एक साइट उघडली. पहिल्या दिवशी विमा मिळाला सहा जणांना. सहा! सरकार म्हणालं, गर्दी फार झाली. गर्दी होतीच. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा हिशेब होता, आले अडीच लाख. पण त्याच्या थोडे दिवस आधी चाचणी झाली होती, आणि तीत काही शे माणसांच्या भारानेच साइट बसली होती. तरी तारीख हलली नाही, कारण ती जाहीर झालेली होती.

मोडली कुठे? विम्याचे भाव नुसते बघायचे तरी आधी खातं उघडा, असं शेवटी शेवटी ठरलं. बाजार समितीत भाव ऐकायला आलेल्याला फाटकावरच सातबारा मागितला तर काय होईल? फाटकावरच चेंगराचेंगरी. तसंच झालं. आत गेलं तरी उत्पन्न एका खात्याकडून विचारायचं, नागरिकत्व दुसऱ्याकडून. प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या. काम डझनावारी ठेकेदारांत वाटलेलं, आणि सगळं जोडून चालतं का हे पाहणारा एक धनी कोणी नाही. नियम अखेरपर्यंत बदलत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंतची चाचणी सुरू झाली ती उरलेल्या दोन आठवड्यांत.

आम्ही शेतकी शिकलो. नवीन वाण आधी संशोधन केंद्रावर लावतात, मग वेगवेगळ्या जमिनीत काही हंगाम, मग शेतकऱ्याच्या रानात. हलक्या रानात, पावसाने ताण दिलेल्या साली ते कसं येतं हे पाहिल्याशिवाय शिफारस होत नाही. (निदान होऊ नये. बियाण्याच्या बाजारात काय चालतं ते तुम्हीच आम्हाला सांगता.) मग सरकारी साइट एकाच दिवशी सगळ्या राज्यावर का पेरतात?

अमेरिकेत पुढे बाहेरून जाणकार आणले, एका माणसावर जबाबदारी टाकली, यंत्रं वाढवली. दोन महिन्यांत साइट बरीचशी रुळावर आली.

आपल्याकडे शेतकऱ्याचा फॉर्म एकीकडे, बँकेची ६६ रकान्यांची माहिती दुसरीकडे, आणि निकषांचे आदेश मागाहून येतच होते. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली. नंतर कळलं की दोन्हीकडची माहिती जुळत नाही, आणि पैसे रखडले. नाव बँकेत एक, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. हे गावातल्या कोणत्याही गटसचिवाने आधीच सांगितलं असतं. त्याला विचारलं कोणी?

आमची मागणी मोठी नाही. योजना साइटवर नेण्याआधी एका तालुक्यात चालवून दाखवा, तीही गर्दीच्या दिवशी. कागदी अर्ज बंद करू नका. साइट जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत वाढवा.

आणि तुम्ही एवढं करा. केंद्रावरून परत पाठवलं तर तारीख, वेळ, गाव वहीत लिहा, केंद्रवाल्याची सही घ्या, पडद्याचा फोटो काढा. पोरावर रागावू नका, तोही तुमच्यासारखाच अडकलेला असतो. त्या वह्या पुढच्या तालुका बैठकीला घेऊन या. कलेक्टर कचेरीत आपण त्याच ठेवणार आहोत.